पियानोवरील अल्टर्ड डॉमिनंट कॉर्ड : तिचे स्वर, तिची वाट आणि रियाज

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. हार्मोनियमवर आपला हात बसलेला आहे, आता डिजिटल पियानोवर जॅझमधील टू-फाइव्ह-वन (पट्टीच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरील कॉर्ड ओळीने) ही चाल आपण वाजवू लागला आहात, पण लीड शीटवर (चाल आणि कॉर्डची नावे एवढेच लिहिलेल्या कागदावर) जी-सेव्हनच्या पुढे ‘अल्ट’, म्हणजे अल्टर्ड (बदललेली), असे लिहिलेले दिसले की गाडी अडते. पाचवा आणि नववा स्वर अर्ध्या स्वराने उतरवायचा किंवा चढवायचा, एवढे आपल्याला कळले आहे. तरी प्रत्यक्षात वाजवल्यावर रंग भरण्याऐवजी काहीतरी चुकल्यासारखे वाटते. नेमके कोणते स्वर घ्यावेत, ते कोणत्या हातात ठेवावेत आणि रियाज कसा करावा, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. अल्टर्ड कॉर्ड एकटी वाजवून पाहिली, तर ती बहुतेकांना चुकीचीच वाटते, कारण तिच्यातील बदललेले स्वर हे मुक्कामाचे स्वर नसून मागच्या कॉर्डमधून पुढच्या कॉर्डमध्ये अर्ध्या स्वराने उतरताना लागणाऱ्या मधल्या पायऱ्या आहेत. म्हणून ही कॉर्ड सुटी पाठ करण्याऐवजी तिच्या आधीची आणि नंतरची कॉर्ड सोबत घेऊनच तिचा रियाज करावा. पुढचे सगळे विवेचन या एका आग्रहातून आलेले आहे.

स्वर आधी पाहू. जी-सेव्हनमध्ये जी, बी, डी आणि एफ हे चार स्वर असतात. त्यांपैकी बी हा तिसरा आणि एफ हा सातवा, या दोघांमधील तीन पूर्ण स्वरांचे अंतर म्हणजे ट्रायटोन, हीच डॉमिनंट, म्हणजे पट्टीच्या पाचव्या स्वरावरील, कॉर्डची ओळख. तिला कोणी हात लावत नाही. बदल होतात ते बाकीच्या स्वरांत. नवव्याच्या (वरच्या सप्तकातील दुसऱ्या स्वराच्या) जागी ए-फ्लॅट किंवा बी-फ्लॅट येतो, म्हणजे फ्लॅट (उतरवलेला) नाइन किंवा शार्प (चढवलेला) नाइन. पाचव्याच्या जागी डी-फ्लॅट आणि ई-फ्लॅट येतात; पहिल्याला फ्लॅट फाइव्ह किंवा शार्प इलेव्हन म्हणतात आणि दुसऱ्याला शार्प फाइव्ह किंवा फ्लॅट थर्टीन. शुद्ध पाचवा डी मात्र पूर्णपणे वगळला जातो. सगळे स्वर ओळीने मांडले की जी, ए-फ्लॅट, बी-फ्लॅट, बी, डी-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ असे अल्टर्ड स्केल तयार होते. ए-फ्लॅट मेलोडिक मायनर हे स्केल त्याच्या सातव्या स्वरापासून सुरू केले तर नेमके हेच स्वर मिळतात.

हार्मोनियमची सवय असलेल्या माणसाला हे स्केल एका नजरेत दाखवता येते. पांढरी एक, म्हणजे सी, हा सा धरा आणि सी-सेव्हन अल्टर्डचे स्वर शोधा. सप्तकातल्या पाचही काळ्या पट्ट्या, आणि त्यांच्या जोडीला सी व ई या दोनच पांढऱ्या. कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि, असे पाचही विकृत स्वर त्यात आहेत आणि शुद्धांपैकी सा व गंधार एवढेच उरले आहेत, पंचम नाही. जे बदलता येते ते सगळे बदललेले आहे आणि कॉर्डची ओळख टिकवणारे तेवढे राखले आहे. अर्थात दोन गंधार एकत्र दिसले म्हणून यात एखादा राग शोधायला जाऊ नये. येथे सा दर कॉर्डला बदलतो आणि स्वरांना आरोह-अवरोहाचे नियम नाहीत. रचना लक्षात ठेवण्यापुरताच सरगमचा हा उपयोग.

सरगमचा दुसरा उपयोग मला याहून महत्त्वाचा वाटतो. आता सा कॉर्डच्या रूटवर (पायाच्या स्वरावर) न ठेवता मूळ पट्टीवर, म्हणजे सी-वर, स्थिर ठेवा आणि जी-सेव्हन अल्टर्ड पुन्हा म्हणून पाहा: प, कोमल ध, कोमल नि, शुद्ध नि, कोमल रे, कोमल ग, शुद्ध म. यातला कोमल रे सोडला तर बाकी सर्व स्वर सी मायनरच्या घरचेच आहेत. म्हणूनच पुढे सी मायनर येणार असेल तेव्हा अल्टर्ड कॉर्ड अगदी सहज कानावर येते, आणि पुढे सी मेजर येणार असेल तेव्हा ती मायनरची सावली टाकून मग एकदम उजेडात आणते. विद्यार्थ्याने सुरुवात मायनरपासून करावी, असे मी सुचवतो ते याच कारणाने.

आता हात पियानोवर ठेवा. डाव्या हाताने मध्य सी-च्या खालच्या एफ-पासून एफ, ए, सी, ई असे चार स्वर एकत्र वाजवा. हे डी मायनर नाइनचे रूट वगळलेले व्हॉइसिंग, म्हणजे कॉर्डच्या स्वरांची हातातली ठेवण, आहे. मग एफ तसाच धरून ठेवून बाकीचे तिन्ही स्वर अर्ध्या स्वराने उतरवा: एफ, ए-फ्लॅट, बी, ई-फ्लॅट. ही झाली जी-सेव्हन अल्टर्ड. तिच्यात सातवा, फ्लॅट नाइन, तिसरा आणि फ्लॅट थर्टीन आहेत. आता बी धरून ठेवा आणि बाकीचे तीन स्वर पुन्हा अर्ध्या स्वराने उतरवा: ई, जी, बी, डी, म्हणजे सी मेजर नाइन. बोटे जेमतेम हललेली असतात. ही तीन व्हॉइसिंग सलग वाजवताना वरचा स्वर ऐका: ई, ई-फ्लॅट, डी. मग आतला एक स्वर ऐका: ए, ए-फ्लॅट, जी. सरगममध्ये हेच ग, कोमल ग, रे आणि ध, कोमल ध, प असे होते. या दोन ओळी तोंडाने गाता आल्या पाहिजेत. वाजवताना एक ओळ गायची, मग दुसरी. एक ओळ गात असताना ती ओळ सोडून बाकीचे तीन स्वरच वाजवायचे, हा त्याहून कठीण आणि त्याहून उपयोगी प्रकार. जो हे गाऊ शकतो त्याला ई-फ्लॅट ‘चुकीचा’ वाटत नाही, कारण तो कोठून आला आणि कोठे निघाला आहे हे त्याच्या गळ्याला ठाऊक असते.

हीच चाल दुसऱ्या ठेवणीतूनही करावी: सी, ई, एफ, ए, मग बी, ई-फ्लॅट, एफ, ए-फ्लॅट, मग बी, डी, ई, जी. मधल्या कॉर्डमध्ये वरचा ए-फ्लॅट बदलून बी-फ्लॅट घेतला की फ्लॅट नाइनच्या जागी शार्प नाइन येतो आणि रंग अधिक तिखट होतो. येथे एक बारीक गोष्ट सांभाळावी. शार्प नाइन हा बी-फ्लॅट नेहमी तिसऱ्या स्वराच्या, म्हणजे बी-च्या वर ठेवावा. वर ठेवला तर दोघांत मेजर सेव्हन्थचे अंतर राहते आणि ते भरदार लागते. बी-च्या लगतच खाली ठेवला तर दोन शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि मेजर की मायनर असा गोंधळ कानाला होतो. ‘स्वर बरोबर आहेत तरी वाईट वाजते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांच्या हातात मला हीच उलटी ठेवण सापडते.

दुसरे कारण त्याहून साधे आहे. या व्हॉइसिंगमध्ये जी हा रूट नाहीच. १९५० च्या दशकात रेड गारलंड आणि बिल इव्हान्स यांच्यासारख्या पियानोवादकांनी रूट बेसवादकावर सोपवून डाव्या हातात असे चार स्वर घेण्याची पद्धत रुळवली. बेसवर जी वाजत असतो म्हणून वरचे चार स्वर जी-सेव्हन अल्टर्ड वाटतात. घरी एकट्याने एफ, ए-फ्लॅट, बी, ई-फ्लॅट वाजवले तर कान त्यांना ए-फ्लॅट मायनर सिक्स्थ म्हणून ऐकतो, आणि ते चूकही नाही, कारण स्वर तेच आहेत. बॅरी हॅरिस (१९२९–२०२१) हे डेट्रॉइटचे पियानोवादक आणि नामवंत शिक्षक तर डॉमिनंटच्या अर्धा स्वर वरच्या मायनर सिक्स्थ कॉर्डकडे याच नजरेने पाहत. तेव्हा सुरुवातीच्या काळात डाव्या हाताने खालचा जी वाजवून तो पेडलने धरावा आणि चार स्वर उजव्या हातात घ्यावेत, किंवा फोनवर बेसचा ट्रॅक लावावा. कॉर्ड बदलताना मात्र पेडल प्रत्येक वेळी पूर्ण उचलून पुन्हा दाबावे. येथे सगळ्या हालचाली अर्ध्या स्वराच्या असल्याने मागचा ए पुढच्या ए-फ्लॅटमध्ये मिसळला की नुसता चिखल होतो.

बारा पट्ट्यांत, म्हणजे बारा वेगवेगळे सा धरून, वाजवण्याची धास्ती बहुतेकांना असते, आणि ती कमी करणारी एक गोष्ट याच व्हॉइसिंगमध्ये दडलेली आहे. एफ, ए-फ्लॅट, बी, ई-फ्लॅट या स्वरांखाली जी-ऐवजी डी-फ्लॅट वाजवून पाहा. तेच चार स्वर आता डी-फ्लॅट नाइनचे तिसरा, पाचवा, सातवा आणि नववा झाले. बी, ई-फ्लॅट, एफ, बी-फ्लॅट हे दुसरे व्हॉइसिंग तर डी-फ्लॅट थर्टीनच आहे. जी आणि डी-फ्लॅट यांत ट्रायटोनचे अंतर असल्यामुळे दोन्ही कॉर्डमध्ये बी आणि एफ ही जोडी सामाईक राहते, आणि एकीच्या जागी दुसरी ठेवता येते; यालाच ट्रायटोन सब्स्टिट्यूशन म्हणतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की ज्याला साध्या नाइन्थ आणि थर्टीन्थ कॉर्ड बारा पट्ट्यांत येतात, त्याला अल्टर्ड कॉर्डसाठी नवीन आकार शिकावे लागत नाहीत. फक्त रूटपासून ट्रायटोनवर उडी मारून तेथली नाइन्थ किंवा थर्टीन्थ घ्यायची. मला हा मार्ग ‘सातव्या स्वरापासून मेलोडिक मायनर’ या हिशेबापेक्षा वाजवताना फार जलद वाटतो. तो हिशेब कागदावर नेटका आहे, पण चालत्या लयीत बोटांपर्यंत पोहोचायला वेळ घेतो.

दोन्ही हात मोकळे असतील तर ट्रायडचा (तीन स्वरांच्या कॉर्डचा) उपयोग करावा. डाव्या हातात एफ आणि बी एवढेच ठेवून उजव्या हातात ई-फ्लॅट मेजर ट्रायड वाजवला की ई-फ्लॅट, जी, बी-फ्लॅट म्हणजे फ्लॅट थर्टीन, रूट आणि शार्प नाइन मिळतात. उजव्या हातात डी-फ्लॅट मेजर घेतला तर डी-फ्लॅट, एफ, ए-फ्लॅट म्हणजे फ्लॅट फाइव्ह, सातवा आणि फ्लॅट नाइन. अल्टर्ड स्केलमध्ये मेजर ट्रायड हे दोनच आहेत, ते एका पूर्ण स्वराच्या अंतरावर शेजारी शेजारी आहेत, आणि या दोघांचे सहा स्वर अधिक तिसरा बी एवढ्यांत संपूर्ण स्केल येऊन जाते. दोन्ही ट्रायड तिन्ही उलटापालटींत वर-खाली वाजवण्याचा रियाज केला तर सोलो आणि साथ दोन्हींसाठी साहित्य हाती येते. सगळ्यांत वरचा स्वर किंचित जोरात आणि डाव्या हाताची जोडी हलकी ठेवावी. हार्मोनियमवर स्वरागणिक वजन देण्याची सोय नसल्यामुळे आपल्याला हे मुद्दाम शिकावे लागेल.

‘अल्ट’ हे अक्षर दिसले की चारही बदललेले स्वर एकदम वाजवायचे, असा एक समज आढळतो. तसे नाही. त्यांतले दोन पुरतात, क्वचित तीन. कोणते घ्यायचे हे वादक ठरवतो. उलट, नुसते फ्लॅट नाइन लिहिलेली प्रत्येक कॉर्ड अल्टर्ड असतेच असे नाही. मायनर पट्टीतल्या साध्या फ्लॅट नाइनला हार्मोनिक मायनरचे स्वर चालतात आणि त्यात शुद्ध पाचवा डी राहतो. फ्लॅट नाइनसोबत थर्टीन लिहिलेले असेल तर ते डिमिनिश्ड स्केलचे क्षेत्र आहे. अर्धा-पूर्ण क्रमाच्या त्या स्केलचे पहिले पाच स्वर, जी ते डी-फ्लॅट, अल्टर्डसारखेच असतात, पण पुढे ई-फ्लॅटऐवजी डी आणि ई येतात. अल्टर्डचा वरचा भाग मात्र होल टोन (सगळी अंतरे पूर्ण स्वराची असलेल्या) स्केलशी जुळतो, म्हणूनच काही जण त्याला डिमिनिश्ड-होल टोन म्हणतात. जिमी हेंड्रिक्सच्या १९६७ मधील वादनामुळे गिटारवाल्यांत प्रसिद्ध झालेली ई-सेव्हन शार्प नाइन ही कॉर्ड आपण ऐकली असेल. तिच्यातही शार्प नाइन आहे, पण ती कोठे उतरायची वाट पाहत नाही, ठाण मांडून बसते, म्हणून तिला या चर्चेत मोजू नये.

कॉर्ड निवडण्यापूर्वी गाण्याच्या चालीचा स्वर पाहावा, हा नियम साथसंगतीत फार महत्त्वाचा आहे. जी-सेव्हनवर गायक ए हा नववा स्वर लांबवून धरत असेल तर खाली ए-फ्लॅट किंवा बी-फ्लॅट वाजवणे म्हणजे त्याच्या पायाखालची सतरंजी ओढणे होय. गायक ई-वर असेल तर अल्टर्ड सोडून डाव्या हातातील एफ-बी वर ई मेजर ट्रायड घ्यावा, म्हणजे थर्टीन, फ्लॅट नाइन आणि तिसरा येतात आणि तणावही टिकतो. डी-वर असेल तर साधी फ्लॅट नाइन पुरेशी आहे. चाल ए-फ्लॅट, बी-फ्लॅट किंवा ई-फ्लॅटवर असेल, किंवा बी, एफ अशा तटस्थ स्वरांवर असेल, तेव्हा अल्टर्ड निर्धास्तपणे वाजवावी.

उजव्या हाताच्या ओळींसाठी मी दोनच नमुने देतो, कारण दोन नीट मुरले तर पुढचे आपोआप सुचतात. जी-सेव्हन अल्टर्डच्या एका बारमध्ये (चार ठोक्यांत) आठ एट्थ नोट (अर्ध्या ठोक्याचे स्वर) धरा. पहिली ओळ सरळ उतरती आहे: बी, बी-फ्लॅट, ए-फ्लॅट, जी, एफ, ई-फ्लॅट, डी-फ्लॅट, बी, आणि पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर सी. शेवटी डी-फ्लॅट वरून आणि बी खालून सी-ला कवेत घेतात, त्यामुळे उतरणे निःसंशय वाटते. दुसरी ओळ चढून उतरते: बी, ई-फ्लॅट, जी, बी-फ्लॅट, मग ए-फ्लॅट, एफ, ई-फ्लॅट, डी-फ्लॅट, आणि पुढच्या ठोक्यावर डी. येथे मुक्काम सी मेजरच्या नवव्या स्वरावर होतो. दोन्ही ओळी डाव्या हाताशिवाय, फक्त पायाच्या ठेक्यावर वाजवाव्यात आणि शेवटचा स्वर येण्याआधी तो मनात ऐकू येतो का, हे तपासावे. स्केल वर-खाली घोटून अशा ओळी येत नाहीत. ज्या स्वरावर पोहोचायचे आहे तो आधी ठरवून मागे मागे येत ओळ बांधावी लागते.

रियाजाची आखणी ठरावीक मिनिटांत वाटण्यापेक्षा क्रमाने करावी. प्रथम एकच पट्टी घ्यावी, सी मायनर. डी हाफ डिमिनिश्ड (डी, एफ, ए-फ्लॅट, सी), जी-सेव्हन अल्टर्ड, सी मायनर, मेट्रोनोम ६० वर, दर कॉर्डला चार ठोके, बेस पेडलवर धरलेला. आतल्या ओळी गाता येऊ लागल्या की तीच चाल सी मेजरमध्ये करावी. त्यानंतर पट्टी पूर्ण स्वराने खाली न्यावी: सी, बी-फ्लॅट, ए-फ्लॅट, जी-फ्लॅट, ई, डी. मागाहून उरलेल्या सहा पट्ट्या डी-फ्लॅटपासून त्याच पद्धतीने. व्हॉइसिंग फार खाली जाऊ लागले की पहिली ठेवण सोडून दुसरी घ्यावी आणि हात मध्य सी-च्या आसपासच ठेवावा, कारण त्याखाली हे दाट स्वर गढूळ होतात. मेट्रोनोमचा वेग वाढवण्याची घाई मी करू देत नाही. वेग वाढला की विद्यार्थी आकार आठवू लागतो आणि ऐकणे थांबवतो.

हे सराव-वाक्यांत बसले की लगेच रचनेत न्यावे. ‘ऑटम लीव्ज’ ही रचना जी मायनरमध्ये घेतली तर तिच्या पहिल्या आठ बारमध्ये बी-फ्लॅट मेजरकडे नेणारी एफ-सेव्हन आणि जी मायनरकडे नेणारी डी-सेव्हन अशा दोन्ही जातींच्या डॉमिनंट येतात. पहिल्या फेरीत फक्त डी-सेव्हन अल्टर्ड करावी, एफ-सेव्हन साधी ठेवावी. दुसऱ्या फेरीत उलट करून फरक ऐकावा. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी अल्टर्ड वाजवायला सुरुवात केली तर कानाला तुलनेसाठी काहीच उरत नाही.

एफ-मधील बारा बारच्या ब्लूजमध्ये तर या कॉर्डच्या जागा जवळजवळ ठरलेल्याच आहेत. चौथ्या बारमध्ये एफ-सेव्हन अल्टर्ड करून पाचव्या बारच्या बी-फ्लॅट सेव्हनमध्ये जावे. डाव्या हातात ए, डी-फ्लॅट, ई-फ्लॅट, ए-फ्लॅट धरा आणि तेथून ए-फ्लॅट, सी, डी, जी-वर या: चारही स्वर एकाच वेळी अर्ध्या स्वराने खाली येतात, कारण पहिली कॉर्ड बी-थर्टीन आहे आणि दुसरी बी-फ्लॅट थर्टीन. आठव्या बारमधील डी-सेव्हन जी मायनरकडे नेते आणि दहाव्या बारमधील सी-सेव्हन परत एफ-कडे. त्या दोन्ही जागी हीच युक्ती चालते. सुरुवातीला मात्र चौथ्या बारपुरतेच थांबावे आणि बाकीचे अकरा बार साधे वाजवावेत.